कडेचं प्यादं, दोन घरं

आमच्या बुद्धिबळ क्लबात शिकाऊ मुलांसाठी सहा पट होते, आणि त्या सहाही पटांवर कडेची प्यादी जागची हलत नसत. मीच त्यांना खालून स्क्रू मारले होते. पटाला बारीक भोक पाडायचं, खालून स्क्रू घालायचा आणि प्याद्याच्या बुडात पिळून टाकायचा. दोन्ही बाजूंची मिळून चार प्यादी. मूल पहिलं वर्षभर त्या पटावर खेळायचं. दोघांच्या दहा-दहा खेळ्या नियमानं झाल्या की मी स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचो आणि प्यादी मोकळी करून द्यायचो. नव्या मुलांचे आईबाप ते बघून हसायचे. मी हसायचो नाही.

कारण सांगतो. ज्याला खेळ कळत नाही त्याचा हात सगळ्यात आधी कडेच्या प्याद्याकडे जातो. मधे मारामारी असते, तिथे जायची भीती वाटते, मग कडेला काहीतरी केल्यासारखं करायचं. मी सांगायचो, आधी मधली घरं धरा. घोडे बाहेर, उंट बाहेर, राजा किल्लेकोटात. घर बांधून व्हायच्या आधी कुंपण कसलं रंगवताय? हे वाक्य मी चाळीस वर्षं म्हटलं. पोटासाठी मी वीज कंपनीत मीटर वाचायचो, दिवसाला दोनशे घरं, आणि संध्याकाळी क्लब. लोक मला मास्तर म्हणायचे ते क्लबामुळे. मीटरमुळे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

क्लब म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली जाणारा यांच्यात एकाला माघार घ्यावीच लागे. आत आठ टेबलं, एक पंखा, आणि दाराजवळच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला एका डावाचा कागद. अडतीस खेळ्यांचा. खेळणाऱ्या मुलीनं खेळता खेळता स्वतःच्या हातानं लिहिलेला, जसा स्पर्धेत प्रत्येकाला लिहावा लागतो. त्यातली तिसरी खेळी मी लाल पेन्सिलीनं गोल केली होती आणि वर लिहिलं होतं, ‘तिसऱ्याच खेळीला कडेचं प्यादं. पुढे काय झालं ते वाचा.’ मुलीचं नाव मी कागदाची पट्टी चिकटवून झाकलं होतं. एवढी दया दाखवली. ती मुलगी माझीच होती.

आम्ही तिला ठकू म्हणतो. पाचव्या वर्षी मी तिला पटावर बसवलं आणि आठव्या वर्षी ती मला घाम फोडायला लागली. डोकं असं की मी तोंडानं सांगितलेला डाव पाठमोरी बसून ऐकायची आणि चूक कुठे झाली ते सांगायची. पण एक खोड होती. तिला कडेचा सोस होता. स्क्रूचे पट खरं म्हणजे मी तिच्याचसाठी केले, बाकीच्या मुलांना ते आयते मिळाले. ‘बाबा, तिकडून जाता येतं,’ ती म्हणायची. ‘तिकडे कुणी बघतच नाही.’ मी तिच्या बोटांवर पट्टी मारायचो. जोरात नाही. म्हणजे जोरात नाही हे माझं म्हणणं.

ती पंधरा वर्षांची असताना ज्युनियर मुलींच्या संघाची निवड होती. चारजणी परदेशात जाणार होत्या. शेवटच्या फेरीआधी ठकू चौथ्या नंबरवर होती आणि तिला नुसती बरोबरी पुरेशी होती. शाळेचा मोठा हॉल, तीस टेबलं, आणि पालकांना अडवायला एक दोरी बांधलेली. मी दोरीला पोट टेकवून उभा होतो. तिच्याकडे पांढरी होती. दोन्हीकडून दोन-दोन खेळ्या झाल्या. समोरच्या मुलीनं घोडा काढला आणि मग घोड्याच्या जागेपुढचं प्यादं एक घर सरकवून उंटासाठी खिडकी उघडली. रोजचीच सुरुवात. ठकूनं तिसरी खेळी घोडा काढून खेळायची, विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ती सात मिनिटं विचार करत बसली. मग तिनं राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं बोटांत धरलं. धरलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडीशी, पण हलवली. चाळीस वर्षं मुलांना मी सांगत आलो की डाव चालू असताना खेळाडूला खूण करणं म्हणजे चोरी. पंचानं बघितलं असतं तर मला हॉलबाहेर काढलं असतं आणि तिलाही कदाचित स्पर्धेबाहेर. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की तेव्हा कानाजवळ माशी आली होती.

आता झालं असं, की आमच्या खेळात हात लावला की ते मोहरं खेळावंच लागतं. परत ठेवता येत नाही. आणि त्या प्याद्याला दोनच गोष्टी करता येत होत्या, एक घर पुढे जाणं किंवा दोन घरं पुढे जाणं. दोन घरं गेलं असतं तर ती चढाई होती. ठकूनं ते एक घर सरकवलं. एक घर म्हणजे काहीच नाही, दार किलकिलं करून परत लावून घेतल्यासारखं. त्यानंतर ती दर दोन-चार खेळ्यांनी माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे बघायचो. अडतिसाव्या खेळीला तिनं डाव सोडला. पाचव्या नंबरची मुलगी परदेशी गेली.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, ‘बाबा, ऐका ना, ते दोन घरं जर...’

‘त्या प्याद्याचं नाव काढू नकोस,’ मी म्हणालो.

त्यानंतर दोन महिने ती क्लबात आली. खेळायची, हरायची नाही, जिंकायचीही नाही. एक दिवस तिनं आपला मोहऱ्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि म्हणाली, ‘मला नको आता.’ मी म्हणालो, ‘नको तर नको.’ मला वाटलं, आठवड्यात नाक मुठीत धरून परत येईल. याला बावीस वर्षं झाली.

ती माझ्याशी कधी भांडली नाही. शिकली, दातांच्या लॅबमध्ये लागली, तिथेच आता मोठी कारागीर आहे, लग्न झालं. एक रविवार सोडून एक रविवार येते. फळं आणते, आईच्या पायाला तेल लावते, माझा रक्तदाब विचारते. तिच्या घरी पत्ते आहेत, कॅरम आहे, पट तेवढा नाही. एकदा मी क्लबाची किल्ली घरी विसरलो तेव्हा ती द्यायला आली होती. दाराशी उभं राहून तिनं चौकटीतला कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, अडतीसही खेळ्या. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘जेवायला वेळेवर या, आई थांबते.’ भांडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले, तेव्हा क्लबानं मदतीला एक नवा शिक्षक घेतला. सव्वीस-सत्तावीसचा, दाढी राखलेला, पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप. मी त्याचं नाव लॅपटॉपवाला ठेवलं. पोरगा गुणी आहे, मला वाकून बोलतो, पण पट मांडायच्या आधी लॅपटॉप उघडतो. त्यात एक कॉम्प्युटर बसवलाय जो जगातल्या कुणालाही हरवतो. पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. पांढरी वर चढली की पांढऱ्याचं बरं चाललंय, काळी उतरली की काळ्याचं.

एका संध्याकाळी मोठ्या मुलांचा घोळका त्याच्याभोवती होता. मी कोपऱ्यात चहा पीत होतो.

‘मास्तर, इकडे या ना,’ तो म्हणाला. ‘गंमत बघा.’

पडद्यावर तीच रोजची सुरुवात होती. काळ्यानं घोड्याच्या जागेपुढचं प्यादं एक घर सरकवलेलं. पांढऱ्याची तिसरी खेळी. आणि कॉम्प्युटर सुचवत होता, राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं, दोन घरं.

‘डोकं फिरलंय त्याचं,’ मी म्हणालो.

‘नाही मास्तर, आता हे सगळेच खेळतात. मोठे मोठे खेळतात. ते प्यादं सुटतं ते पुढं जाऊन काळ्याच्या राजाचं घर उघडं पाडतं.’

‘त्याला अजून विचार करू दे.’

‘करू दे की.’

त्यानं अर्धा तास विचार करू दिला. मुलं घरी गेली. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो होतो. अर्ध्या तासानंही पट्टी पांढरीच होती, फार नाही, बोटभर वर. जिंकलेला डाव नव्हता, पण चांगली, धडधाकट खेळी होती. मी उठलो, भिंतीवरची चौकट काढली, मागचे खिळे उचकटले आणि तो कागद त्याच्यापुढे ठेवला.

‘हा घाल आत,’ मी म्हणालो.

त्यानं एकेक खेळी घातली. तिसरी आली, एक घर. मला वाटलं पट्टी धाडकन खाली येईल. ती जराशी उतरली आणि मधोमध थांबली.

‘बरोबरी आहे,’ तो म्हणाला. ‘एक घर म्हणजे खेळी फुकट गेली एवढंच. त्यानं कुणी हरत नाही.’

पुढेही बरोबरीच होती. दहा, पंधरा, वीस. एकोणतिसाव्या खेळीला ठकूला हत्तीनं हत्ती मारून सरळ बरोबरी करता येत होती. तिनं हत्ती मागे घेतला. तिथून पट्टी काळी झाली.

‘इथे डाव गेला,’ तो म्हणाला. ‘प्याद्याचा यात काही संबंध नाही, मास्तर. पण गंमत बघा, तिसऱ्या खेळीपर्यंत खेळणारा माणूस वेगळा वाटतो आणि नंतरचा वेगळा. नंतरचं सगळं घाबरून खेळलंय. कोण आहे खेळाडू?’

‘होती एक,’ मी म्हणालो.

म्हणजे त्या कागदावर मी लिहिलेलं दोन्ही बाजूंनी खोटं होतं. दोन घरं चांगली होती हे मला माहीत नव्हतं, ते एक वेळ सोडा, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण एका घरानं ती हरली नव्हती हे तपासायला मला कॉम्प्युटर लागत नव्हता. माझा मी शांतपणे बसून तो डाव एकदा मांडला असता तरी एकोणतिसावी खेळी दिसली असती. मी मांडलाच नाही. मला गुन्हेगार आधीच सापडला होता. बावीस वर्षं मी एका निर्दोष प्याद्याला भिंतीवर टांगून ठेवलं आणि त्याच्याबरोबर पोरीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाही पटांचे स्क्रू काढले. चोवीस स्क्रू. काही गंजले होते, त्यांना तेल घालून थांबावं लागलं. आता आमच्याकडची लहान मुलं पहिल्याच खेळीला कडेची प्यादी सुसाट सोडतात आणि सातव्या खेळीला मात खातात. मी काही बोलत नाही. मला काय अधिकार आहे?

घरी मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणजे ठकूची आई. ती भाजी निवडत होती, तिनं हात थांबवला नाही.

‘म्हणजे पोरीचं बरोबर होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘हे मला तेव्हाच माहीत होतं. मला घोडा अडीच घरं जातो की साडेतीन तेही कळत नाही, तरी माहीत होतं.’

‘आता मी काय करू?’

‘जाऊन सांगा तिला. उपयोग काही होईल असं वाटत नाही मला. पण सांगा. निदान तुम्ही घरभर येरझाऱ्या घालायचं तरी थांबाल.’

मला मात्र वाटत होतं, उपयोग होईल. खोटं कशाला बोलू, मला सगळं परत हवं होतं. मी तिला सांगेन, तू बरोबर होतीस. ती रडेल, कदाचित मीही रडेन. मग ती पटावर बसेल, आणि माझे दिवस संपायच्या आत मी माझ्या मुलीला एकदा तिच्या मनासारखं खेळताना बघेन. मला दुसरं काही नको होतं. एक डाव. मी खिशात मावणारा लोहचुंबकाचा पट घेतला आणि शनिवारी दुपारी तिच्या लॅबमध्ये गेलो.

मी तिथे पूर्वी कधी गेलो नव्हतो. शनिवार असल्यामुळे ती एकटीच होती. लांब ओटा, त्यावर दिवा, वितळलेल्या मेणाचा वास. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, शेकड्यांनी, प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलीनं नंबर. ठकू डोळ्यांवर भिंगं चढवून बसली होती. समोर बिजागरीच्या यंत्रात एक वरचा आणि एक खालचा जबडा बसवलेला, आणि ती चिमट्यानं एकेक दात उचलून मेणात रोवत होती. रोवायचा, जबडा मिटायचा, परत उघडायचा, केसभर वळवायचा. हात जराही हलत नव्हता. हा हात मी ओळखत होतो.

‘बाबा?’ ती दचकून उठली. ‘आई बरी आहे ना?’

‘बरी आहे. मी सहज आलो.’

‘तुम्ही सहज कुठे जात नाही.’

तिनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी खिशातून पट काढून ओट्यावर ठेवला तेव्हा तिनं त्याकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या जागेवर बसली.

‘ठकू, तो डाव,’ मी म्हणालो.

कोणता, असं तिनं विचारलं नाही.

‘दोन घरं चांगली होती. कॉम्प्युटर सांगतो. अर्धा तास विचार करूनही तेच सांगतो. आता सगळे खेळतात.’

‘हो, चांगलीच होती,’ ती म्हणाली.

‘तुला माहीत आहे? कधीपासून?’

‘तेव्हापासून. बाबा, सात मिनिटं मी काय करत होते मग? प्यादं पुढे जाणार, तिनं अडवलं तर घोडा तिकडून येणार, नाही अडवलं तर हत्तीला रस्ता मोकळा. मी नऊ-दहा खेळ्यांपर्यंत बघितलं होतं.’ तिनं एक दात उचलला, उजेडात धरला, ठेवून दुसरा घेतला. ‘बसमध्ये सांगणार होते.’

‘मग एक घर का सरकवलंस?’

‘तुम्ही मान हलवलीत ना.’

इतक्या सरळ म्हणाली की मला आधी कळलंच नाही. बावीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी स्वतःशीसुद्धा नाही.

‘तू बघितलंस?’

‘तुमच्याकडेच तर बघत होते.’

‘कुणाला बोलली नाहीस.’

‘कुणाला बोलू? पंचांना? माझे बाबा खूण करतायत म्हणून?’ ती जराशी हसली. ‘हात तर लागला होता. परत ठेवता येईना. मग म्हटलं, थोडं तुमचं, थोडं माझं. एक घर.’

येताना मी मनात भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

‘मला माफ कर, ठकू,’ मी म्हणालो. ‘मी खूण केली, वर तुलाच दोष दिला, आणि तो कागद भिंतीवर लावला. काढला आता. मला माफ कर.’

‘अहो बाबा, ते केव्हाच केलं,’ ती म्हणाली. जबडा मिटून बघितला, उघडला. ‘पाणी प्या.’

हे इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मला आनंद झाला. मी हावरटासारखा पट उघडला आणि मोहरी मांडायला लागलो.

‘मग एक डाव खेळ माझ्याशी. इथूनच. तिसऱ्या खेळीपासून. तुझी पांढरी.’

तिनं घड्याळात बघितलं. ‘जेवणाची सुट्टी आहे अजून पंचवीस मिनिटं,’ ती म्हणाली. उठून हात धुतले, पुसले, भिंगं काढून ठेवली, आणि माझ्यासमोर बसली. बावीस वर्षांनी बसली. नाक तिच्या आईचं आहे, पण विचार करताना ओठ दुमडते ते माझ्यासारखं. मला वाटलं, झालं, जमलं.

तिनं घोडा काढला.

‘ती नाही,’ मी म्हणालो आणि घोडा जागेवर ठेवला. ‘तुझी ती. दोन घरं.’

‘हं,’ ती म्हणाली. हात प्याद्यावर नेला. बोटं वर तशीच राहिली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली, जोरजोरात. तिनं हात मागे घेतला.

‘मला जमत नाही, बाबा.’

‘अगं, खेळ की. चांगली आहे.’

‘चांगली आहे माहीत आहे. तुम्ही हो म्हणालात म्हणून ढकलायचं असेल तर आत्ता ढकलते,’ ती म्हणाली. ‘मला पूर्वी खेळी दिसायच्या. पुढच्या पुढच्या, आपोआप. त्या दिवसानंतर पटावर बसलं की मला मोहरी दिसेनातच. तुमचा चेहरा दिसायचा. आवडली की नाही आवडली, एवढंच. म्हणून सोडलं. राग म्हणून नाही सोडलं.’

‘मग मी बघत नाही!’ मी म्हणालो. मला खरंच वाटलं, उपाय सापडला. मी स्टूल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो, पाठ तिच्याकडे. ‘हे बघ. माझा चेहराच नाही. घाई करू नकोस. वाटेल ते खेळ, आणि खेळलीस की सांग.’

समोर फळ्यांवर ते जबडे होते. मी नंबर वाचत बसलो. मागे शांत होतं. मध्येच तिच्या श्वासाचा आवाज यायचा, मध्येच खुर्ची किंचित करकरायची. पाच मिनिटं झाली. सात झाली. तेव्हाही तिनं सात मिनिटंच घेतली होती, माझ्या मनात आलं, आणि माझे डोळे भरून आले. बघतेय पोरगी. सापडतंय तिला. दहा मिनिटं झाली. मी हूं की चूं केलं नाही. पाय मुंग्यांनी जड झाला तरी हलवला नाही. खेळणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये, एवढं तरी मला येत होतं. मग मागे काहीतरी खुट्ट वाजलं. मी वाट बघितली.

मी वळलो. ती ओट्याशी बसली होती. भिंगं डोळ्यांवर, दिवा पेटलेला, चिमट्यात दात. पट जसाच्या तसा होता. घोडा जागेवर, प्यादं जागेवर.

‘हे संध्याकाळी द्यायचं आहे,’ ती म्हणाली. ‘एका बाईंना सोमवारी बसवणार आहेत.’

‘आणि खेळी?’

तिनं चिमटा खाली ठेवला.

‘बघितलं मी. मनापासून बघितलं, बाबा. तुम्ही पाठ केलीत तेव्हा मलाही वाटलं, दिसेल. तुमचा चेहरा नव्हता. पण त्याच्या जागी काही आलंच नाही. नुसता पट होता. चौसष्ट घरं.’

मी पट मिटला. मोहरी आतल्या आत खडखडली. तो खिशात घातला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, बापानं बोलावं असं, पण जे काही आठवत होतं ते सगळं मास्तरांचं होतं.

‘रागावलात का?’ ठकूनं विचारलं.

‘नाही गं,’ मी म्हणालो.

तिनं भिंगं कपाळावर सरकवली आणि मी खरं बोलतोय का ते बघायला माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.